नावाचं कडवं

आमच्या घरात प्रीअँप हा शब्द पहिल्यांदा निघाला तेव्हा अण्णांच्या गळ्यावरची गाठ सुपारीएवढी होती. प्रत्यक्ष प्रीअँप घरात आला तेव्हा ती लिंबाएवढी झाली होती. मधल्या काळात काय झालं, तर माझ्या धाकट्या भावाने अभ्यास केला.

अण्णा म्हणजे आमचे वडील. पालिकेच्या एका गोदामातून कारकून म्हणून निवृत्त झाले, पण ती ओळख पेन्शनच्या कागदापुरती. एरवी येरवड्यापासून दापोडीपर्यंतच्या वस्त्यांमध्ये लोक त्यांना गाणारे म्हणून ओळखायचे. एप्रिल लागला की त्यांची गायन पार्टी निघायची. हार्मोनियम, ढोलकी, मागे साथ करणारे दोघे आणि पुढे अण्णा, पांढऱ्या शर्टात, खिशाला निळं पेन. जयंतीच्या दिवसांत ते घरी फक्त अंघोळीला यायचे. आई म्हणायची, हा महिना मी विधवा. पुढे आईच आधी गेली, म्हणून हे वाक्य आता कुणी बोलत नाही.

डॉक्टरांनी सांगितलं ते अगदी कोरडेपणाने सांगितलं. स्वरयंत्र काढावं लागेल. पुढे श्वास घ्यायचा तो गळ्याला पाडलेल्या भोकातून. बोलणं बंद.

"आणि गाणं?" अण्णांनी विचारलं.

"काका, बोलणंच बंद म्हटल्यावर गाणं कुठून येणार?" डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशनला अजून थोडे आठवडे आहेत. काय बोलायचंय ते बोलून घ्या." आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

रिक्षात अण्णांनी दवाखान्याची फाइल माझ्या मांडीवर ठेवली. मग आधीच घोगऱ्या झालेल्या आवाजात म्हणाले, "बोलायचं काही नाही. तुमच्याशी बोलून आजवर काय उजेड पडला? एक गाणं तेवढं भरून ठेवायचंय. माझ्या नावासकट."

नावासकट या शब्दाचा अर्थ आम्हा दोघा भावंडांना वेगळा सांगायची गरज नव्हती. आमच्या गाण्यांत शेवटच्या कडव्यात कवीचं नाव येतं. ते आल्याशिवाय गाणं पुरं होत नाही, आणि ते गाणं कुणाचं हेही कळत नाही, कारण ही गाणी पुस्तकात नसतात, तोंडातून तोंडात जातात. नाव येतं तेव्हा गाणारा एक पाऊल पुढे येतो, उजवा हात वर करतो आणि सगळी ताकद लावून ते नाव फेकतो. त्याच क्षणी खालून कुणीतरी नोट घेऊन उठतं. गाणारा नोट घेतो, वाकून देणाऱ्याचं नाव विचारतो आणि माइकवरून सगळ्या वस्तीला ऐकवतो, अमुक अमुक यांच्याकडून, जय भीम. अशी दोन नावं एकापाठोपाठ हवेत जातात, गाणाऱ्याचं आणि देणाऱ्याचं. लहानपणी मला वाटायचं, माणसाला नाव असतं ते याचसाठी.

अण्णांच्या बाबतीत या नावाची चोरी झाली होती. कॅसेटच्या जमान्यात एका चलतीच्या गायकाने त्यांचं सगळ्यात चांगलं गाणं उचललं आणि शेवटच्या कडव्यात अण्णांच्या जागी स्वतःचं नाव घातलं. अण्णांनी ते ऐकलं मंडईत, एका चहावाल्याच्या टेपवर, हातात मेथीची जुडी घेऊन. गायकाकडे जाब विचारायला गेले तर तो म्हणाला, "अहो, तुमचं नाव चालीत बसत नव्हतं." अण्णा परत आले आणि मेथी निवडत बसले. पुढे ते गाणं लोकांच्या तोंडी बसलं ते त्या गायकाच्याच नावाने. अण्णा गायला उभे राहिले की लोक म्हणायचे, त्यांचं ते गाणं म्हणा की.

ते गाणं होतं आमच्या आजीवर, अण्णांच्या आईवर. ती मंडईत डोक्यावर ओझी वाहायची. धम्म घेतला त्या साली तिने घरातले देव स्वतःच्या हाताने उतरवले आणि अण्णांना शाळेत घातलं.

खुंटीवरला देव उतरला, भिंत मोकळी झाली गं
मायच्या डोईची पाटी उतरली, माझ्या हाती पाटी आली गं

मी मराठी शिकवते. या दोन पाट्यांसाठी मी कुणालाही पैकीच्या पैकी गुण दिले असते. पण अण्णांना गुण नको होते. त्यांना शेवटच्या कडव्यातलं स्वतःचं नाव हवं होतं, स्वतःच्या गळ्यातून, आणि तो गळा जाणार होता. ते नाव मी इथे लिहिणार नाही. कागदावर कुणीही लिहील. ते गाऊन यायला हवं होतं.

मी म्हटलं, मोबाइल आहे की, आत्ताच गा, मी बटण दाबते.

"ताई, प्लीज," माझा भाऊ म्हणाला. "फोनवर नॉइज येतो. आयुष्यात एकदाच होणारं रेकॉर्डिंग आहे. प्रॉपर करू."

प्रॉपर हा त्याचा आवडता शब्द. तो हिंजवडीला एका कंपनीत कामाला आणि राहायला वाघोलीला, म्हणजे पुण्याच्या या टोकाला घर आणि त्या टोकाला नोकरी. कंपनीच्या बसमध्ये जाऊन येऊन त्याचा अर्धा दिवस जायचा. तो वेळ त्याने प्रीअँपला दिला. अण्णाही त्याच्याच बाजूने झाले. चोराने स्टुडिओत भरलं होतं, मग धन्याने मोबाइलवर का भरावं, असा त्यांचा हिशोब. ते वाघोलीच्या फ्लॅटवर राहायला गेले आणि वाट बघू लागले.

प्रीअँप म्हणजे काय ते मला तेव्हा इतक्यांदा ऐकावं लागलं की आजही झोपेतून उठवून विचारा. माइकमधून निघतो तो आवाज अगदी क्षीण असतो. त्याला उचलून कॉम्प्युटरने घेण्याजोगा मोठा करणारी डबी, ती प्रीअँप. तिला एक बटण असतं, फिरवून आवाज किती उचलायचा ते ठरवायचं. कमी उचलला तर गाणं मुंगीसारखं, जास्त उचलला तर फाटतं. स्वस्त डबी आवाजाबरोबर स्वतःची खरखरही उचलते. महाग डबी उचलत नाही, पण तिच्या किमतीत भावाच्या फ्लॅटचे बरेच हप्ते गेले असते. म्हणून त्याला हवी होती स्वस्तातली, पण खरखर नसलेली. गल्लोगल्ली स्थळं बघत हिंडणाऱ्या मुलाच्या बापाला सून हवी असते तशी, गोरी, शिकलेली आणि हुंडा देणारी.

एका शनिवारी आम्ही तिघं बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत गेलो. अण्णांना गळ्याभोवती मफलर, भर उन्हाळ्यात. दुकानदाराने तीन डब्या काढून काचेवर ठेवल्या. एकीत छोटा काचेचा दिवा होता, तो पेटला की आवाजाला ऊब येते म्हणे. दुसरी साधी, चार बटणांची, मांडववाले वापरतात तसल्या मिक्सरची धाकटी बहीण. तिला एक खटका होता, आवाज एकदम चढला तर ती तो आपोआप दाबून धरायची. तिसरी काळी, लहानशी, देखणी.

"हा दाबणारा खटका नको," भाऊ म्हणाला. "त्याने आवाजाचा रंग बदलतो. मला ट्रान्सपरंट हवाय."

"अहो साहेब," दुकानदार म्हणाला, "घ्यायचं असेल तर सांगा. शिकवणी दुसरीकडे असते."

आम्ही काहीच न घेता बाहेर पडलो. अण्णा म्हणाले, "दिवा असलेली बरी दिसत होती." भाऊ त्यांच्याकडे न बघता म्हणाला, त्याचे रिव्ह्यू वाईट आहेत.

पुढचे दिवस असेच गेले. त्याने एक डबी ऑनलाइन मागवली, रिकाम्या खोलीत ती लावून हेडफोनमध्ये शांतता ऐकली, शांततेत खरखर आहे म्हणून परत पाठवली. दुसरी मागवली. परदेशातल्या कुठल्या कुठल्या माणसांना तो इंग्रजीत प्रश्न विचारायचा आणि उत्तराची वाट बघायचा. मी फोन करून विचारलं की म्हणायचा, शॉर्टलिस्ट झालीय. तिकडे अण्णांचा वरचा सा गेला. मग जिना चढल्यावर आवाज येईना. मग सकाळी उठल्यावर तासभर नुसती हवा यायची.

"घाई नको करूस रे," अण्णा एकदा त्याला म्हणाले. "मी गाठीला सांगून ठेवलंय, पोराचा अभ्यास चाललाय, जरा दमानं घे."

भाऊ हसला. मला वाटलं त्याला कळलं. पण त्याने विचारलं, "अण्णा, तुमचा आवाज साधारण कोणत्या पट्टीत असतो?" लहानपणी ज्याच्या खांद्यावर बसून याने जयंत्या बघितल्या, त्याला हा पट्टी विचारत होता.

तो घाबरला होता हे मला दिसत होतं. बापाच्या गळ्याकडे बघवत नाही म्हणून माणूस डबीकडे बघतो, एवढं मला समजतं. समजलं म्हणून माफ केलंच पाहिजे असा काही नियम नाही. मी केलेलं नाही.

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या रविवारी ती काळी देखणी डबी आली. तीच, बुधवारात काचेवर ठेवलेली. ऑनलाइन थोडी स्वस्त पडली.

दुपारचं काम. नगर रोडवरचे ट्रक तेव्हा जरा कमी असतात. भावाने बेडरूमच्या भिंतींना गाद्या टेकवल्या, कपाटाची दारं उघडी टाकली, म्हणजे कपडे आवाज शोषतात. खिडक्या बंद, पंखा बंद, फ्रिजचा प्लगही काढलेला. सगळ्यांचे मोबाइल गोळा करून त्याने स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यात पुरले, कारण मोबाइलमुळे टर्र टर्र येते. माझासुद्धा. मी दिला, कारण नकार दिला असता तर पुन्हा ट्रान्सपरंटवर व्याख्यान झालं असतं.

अण्णांनी पांढरा शर्ट घातला होता. शर्ट दोन माप मोठा झाला होता. खुर्ची दिली तर म्हणाले, "बसून भजन म्हणतात." उभे राहिले. घामाने कॉलर भिजून गळ्याच्या गाठीला चिकटली होती.

"अण्णा, आधी लेव्हल बघू. थोडं गाऊन दाखवा."

आता अण्णा स्टेजचे गाणारे. स्टेजवरचा गाणारा चाचणीत गळा खर्च करत नाही, हॅलो हॅलो म्हणतो आणि ठेवून देतो. त्यांनी गाण्याची पहिली ओळ गुणगुणल्यासारखी म्हटली, बाळाला थोपटताना म्हणावी तशी. भावाने बटण वर फिरवलं. आणखी फिरवलं. डबीवरचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला तसा त्याने अंगठा दाखवला.

"परफेक्ट. एकदम क्लीन."

मग अण्णा गायले. सांगते, इतके दिवस कुठे दडवून ठेवला होता तो गळा कोण जाणे. घोगरा होता, फाटका होता, पण आजी त्या खोलीत येऊन उभी राहिली. देव उतरले, भिंत मोकळी झाली. दुसरं कडवं, तिसरं कडवं. भाऊ स्क्रीनकडे बघत मान डोलावत होता, आणि मी त्या एका घटकेपुरता त्याचा राग विसरले.

शेवटचं कडवं आलं. अण्णांनी डोळे मिटले, एक पाऊल माइककडे टाकलं, उजवा हात वर केला आणि नाव फेकलं.

डबीवरचा दिवा लाल झाला आणि लालच राहिला. भावाचा हात बटणाकडे गेला तोवर गाणं संपलं होतं. जन्मापासून दरसाल त्याने पाहिलं होतं की नावाला अण्णा पुढे येतात, हात वर करतात, ओरडतात. खालची अख्खी वस्ती त्या क्षणासाठी दम धरून बसायची. परदेशातल्या माणसांना तेवढं माहीत नव्हतं, त्यामुळे रिव्ह्यूत ते लिहिलेलं नव्हतं.

त्याने हेडफोनमध्ये ऐकलं. मग मला दिला. तीन कडवी इतकी स्वच्छ की अण्णांनी गिळलेली थुंकीही ऐकू येत होती. आणि नावाच्या जागी फर्रर्र, जुनं कापड फाडावं तसं. नाव नव्हतंच.

"अण्णा," तो म्हणाला, "एकदाच परत. फक्त शेवटचं कडवं. मी लेव्हल कमी केलीय."

अण्णांनी पाण्याचा घोट घेतला. पाऊल टाकलं, हात वर केला, तोंड उघडलं. सायकलच्या चाकातून निघते तशी हवा निघाली. पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा तेच. हात बराच वेळ वरच होता. मग मी जाऊन तो खाली घेतला.

मंगळवारी ऑपरेशन झालं. बैल गेला आणि झोपा केला असं म्हणतात. आमचा झोपा ऑपरेशननंतर महिनाभर चालला होता. भाऊ रात्री जेवण झालं की ते फाटलेलं नाव शिवायला बसायचा. त्यासाठीही सॉफ्टवेअर असतात. नाव काही शिवलं गेलं नाही. शेवटी त्याने मला किंवा अण्णांना न विचारता एक काम केलं. शेवटचं कडवं कापून टाकलं, तिसऱ्या कडव्यानंतर आवाज हळूहळू विरत नेला आणि ते गाणं इंटरनेटवर चढवलं, त्याच्या त्या परदेशी मंडळींना आपली निवड कशी आहे ते दाखवायला. खाली इंग्रजीत सगळं नीट लिहिलं होतं. माइक कोणता, प्रीअँप कोणता, मॉडेल कोणतं, बटण कितीवर. वर शीर्षक होतं, माझ्या वडिलांचं गाणं. वडिलांचं नाव नव्हतं. खाली लोकांनी लिहिलं होतं, व्हेरी क्लीन.

अण्णांना त्याने ते ऐकवलं तेव्हा मी तिथेच होते. गळ्यातल्या भोकावर पातळ फडकं, कानावर हेडफोन, आरामखुर्चीत ते ऐकत होते. तिसरं कडवं संपायला आलं तशी त्यांनी उजव्या हाताची बोटं थोडी उचलली. गाणं विरून गेलं. बोटं तशीच राहिली. त्यांनी भावाकडे पाहिलं.

"तेवढंच खराब आलं होतं अण्णा," तो म्हणाला. "बाकी बघा किती क्लीन आहे."

अण्णांनी हेडफोन काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि त्याच्या हातात दिला. शेजाऱ्याकडून आणलेली वस्तू परत करतात तसा. मी भावाला म्हटलं, कॅसेटवाल्याने निदान कुठलं तरी नाव ठेवलं होतं. 

पुढच्या वर्षीची जयंती. अण्णांना येरवड्याला जायचं नव्हतं, तिथे सगळे ओळखीचे, गायचा आग्रह करणारे. वाघोलीतच, फ्लॅटच्या मागच्या वस्तीत, संध्याकाळी कार्यक्रम होता. तिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं. ते पुरुषांच्या पहिल्या रांगेत बसले, गळ्याला निळा रुमाल. मी मागे बायकांत. भाऊ आला तसाच मांडववाल्याच्या मिक्सरपाशी गेला आणि त्याला काहीतरी समजावायला लागला.

गायक तिशीतला, उमदा, कॅसेटी आणि त्यांवरची गाणी मागे पडल्यावर गायला लागलेला. दोन-तीन गाणी झाल्यावर म्हणाला, "मंडळी, आता एक गाणं म्हनतो. व्हॉट्सॲपवर आलंय, कुनाचं हाय काय पत्ता नाय, शेवटही नाय. शेवट म्या लावलाय."

खुंटीवरला देव उतरला.

छान गायला. खरं सांगायचं तर फार छान गायला. शेवटच्या कडव्याला एक पाऊल पुढे आला, उजवा हात वर केला आणि स्वतःचं नाव फेकलं. अख्खी वस्ती उसळली.

पहिल्या रांगेतून अण्णा उठले. खिशातून नोट काढली, स्टेजपाशी गेले आणि हात वर करून त्याला दिली. गायकाने दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, रीतीप्रमाणे वाकला आणि माइक अण्णांच्या तोंडाशी धरून विचारलं, "बाबा, नाव?"

अण्णांनी नाव सांगितलं. मला लांबून त्यांचे ओठ दिसले. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. रुमाल गळ्यापाशी हलला, एवढंच. मी उठले, ओरडले, पण ढोलकीवाल्याने ठेका सोडला नव्हता आणि बायकांच्या खुर्च्यांमधून वाट नव्हती.

गायकाने कान जवळ नेला. मग सरळ झाला, माइक तोंडाशी घेतला आणि म्हणाला, "एका हितचिंतकाकडून, जय भीम!"

आवाज कुठेही फाटला नाही. वस्तीच्या पार शेवटच्या घरापर्यंत शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू गेला.